फुलझाडांची आगोठ
बेलापूर परिसरातील कोमल बहुवर्षायू झाडे पावसाळ्यातून कशी तारावीत

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कोकणपट्टीत घरोघरी आगोठीची तयारी होत असते. सरपण कोरड्या जागी रचले जाते, मसाले व पापड बरण्यांत भरले जातात, सुकी मासळी बांधून ठेवली जाते, घराची कौले परतली जातात. पुढील चार महिने उघडीप मिळेल तेव्हाच मिळेल, हे ओळखून केलेली ही बेगमी होय. या बेगमीत एका गोष्टीचा समावेश मात्र क्वचितच होतो. ती म्हणजे अंगणातील व गॅलरीतील फुलझाडे. हिवाळाभर डोळ्यांचे पारणे फेडणारी शेवंती, डेलिया, जिरेनियम, जर्बेरा ही झाडे जून उजाडला की पावसाच्या स्वाधीन केली जातात. ऑगस्टमध्ये कुंडीत कुजलेला बुंधा तेवढा शिल्लक राहतो आणि दिवाळीच्या सुमारास रोपवाटिकेतून पुन्हा नवी रोपे आणली जातात.

ही झाडे वर्षायू नव्हेत. योग्य काळजी घेतल्यास ती वर्षानुवर्षे जगतात व वाढतात. ती दरवर्षी विकत आणावी लागतात याचे कारण झाडाच्या प्रकृतीत नसून आपण त्यांचा वाईट काळ ओळखत नाही, यात आहे. सी.बी.डी. बेलापूर व आसपासच्या वसाहतींतील बागप्रेमी, तसेच लहान प्रमाणावर रोपे तयार करणारे व्यावसायिक यांना उपयोगी पडेल अशी माहिती या लेखात दिली आहे.

आपला हिवाळा जूनमध्ये येतो

थंड देशांतील बागकामाच्या पुस्तकांत कोमल झाडे हिवाळ्यातून तारून नेण्याविषयी स्वतंत्र प्रकरण असते. तेथे पहिल्या कडाक्याने डेलियाची पाने काळवंडली की कंद काढावेत आणि ४ ते ७ अंश सेंटिग्रेड तपमानाच्या कोरड्या तळघरात ठेवावेत, जिरेनियमची झाडे खिडकीत आणावीत, असा सल्ला दिलेला असतो. हा सल्ला त्या देशांपुरता योग्यच आहे. पेशींतील पाणी गोठले की पेशी फुटतात आणि झाड मरते. तेव्हा तेथील माळ्याची सारी खटपट गोठण्यापासून बचाव करण्याची असते.

आपल्याकडे स्थिती अगदी निराळी आहे. खाडीपलीकडील सांताक्रूझ वेधशाळेत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तपमान ७.४ अंश सेंटिग्रेड असून ते २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदले गेले. म्हणजे अत्यंत कडाक्याच्या रात्रीदेखील येथे पाणी गोठण्याची भीती नव्हती. त्याच वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी संपलेल्या नव्हे, तर त्या दिवशी सकाळी सुरू झालेल्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहरास संपूर्ण वर्षभरात सरासरीने पडणाऱ्या सुमारे ७०० मिलिमीटर पावसाहून हा एका दिवसाचा पाऊस अधिक होता. असा दिवस अपवादात्मक खरा. परंतु एरवीही या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो.

या दोन आकड्यांतच सर्व विवेचनाचे सार आहे. बेलापुरात फुलझाडांचा वैरी थंडी नसून ओल आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा येथील फुलण्याचा काळ आणि जून ते सप्टेंबर हा जीव जगविण्याचा काळ होय. म्हणून परदेशी पुस्तकात जे काम ऑक्टोबरात करावयास सांगितलेले असते ते येथे मार्च ते मे या महिन्यांत करावे लागते. त्यांचा कंद काढण्याचा महिना हा आपला कंद लावण्याचा महिना ठरतो. देशावरील माळ्यांचा सल्लाही येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण त्यांच्या पावसाळ्यात व आपल्या पावसाळ्यात तिपटीचे अंतर आहे.

मुळे का कुजतात?

मुळांनाही श्वासोच्छ्वास करावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असते व त्या हवेतील प्राणवायू मुळे घेतात. संततधारेने ही पोकळी पाण्याने भरली की प्राणवायूचा पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. गुदमरलेली मुळे मरू लागतात. त्यातच पिथियम व फायटोफ्थोरा यांसारखे रोगकारक सूक्ष्मजीव साचलेल्या पाण्यात अक्षरशः पोहत एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे जातात. सुपारीवरील कोळे रोगाने ज्यांच्या बागा ग्रासल्या आहेत त्यांना या जातीच्या शत्रूची ओळख निराळी करून द्यावयास नको.

बेलापूरची जागाही या बाबतीत नाजूक आहे. एका बाजूस पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूस पनवेलची खाडी, अशा चिंचोळ्या पट्ट्यात ही वसाहत आहे. डोंगराच्या पायथ्याशी मुरमाड जमीन असल्याने निचरा बरा होतो. खाडीकडील सखल भागात मात्र भराव व चिकण माती आढळते. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही म्हणून ते साठविण्यासाठी सिडकोने या शहरात धारण तलाव बांधले, यावरून जमिनीतील पाण्याची पातळी पावसाळ्यात किती वर येत असेल याची कल्पना यावी. अशा जमिनीत कोमल झाडे जमिनीतच ठेवून पावसाळा काढण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. त्यांना कुंडीत घेणे अथवा निदान ३० सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करणे हितावह होय.

कुंडीविषयी एक चुकीचा समज

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी यांचा जाड थर दिला की निचरा उत्तम होतो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. बारीक मातीतील पाणी खालच्या भरड थरात सहजासहजी उतरत नाही. माती पुरती तुडुंब भिजल्यावरच ते खाली जाते. त्यामुळे खडीच्या थरावर पाणथळ मातीचा एक पट्टा तसाच टिकून राहतो व मुळे नेमकी त्यातच सापडतात. तळाच्या छिद्रावर माती वाहून जाऊ नये इतपत एखादी खापरी पुरे. खरा उपाय म्हणजे सर्वच मिश्रण भरड करणे. दोन भाग पोयट्याची माती, दोन भाग जाड नदीची वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत, असे मिश्रण पावसाळ्यास मानवते. खाडीची वाळू खारी असल्याने ती वापरू नये.

कुंडी शक्यतो मातीची असावी, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. ती विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवून छिद्र मोकळे राहील असे पाहावे. अतिवृष्टीच्या दिवसांत कुंडी एका अंगावर तिरपी केल्यास तळाशी साचणाऱ्या ओलीचा पट्टा लहान होतो. हा उपाय बिनखर्चाचा असून फार गुणकारी आहे. कुंडीखालील बशी मृग नक्षत्रापूर्वीच काढून ठेवावी. तीत साचलेले पाणी मुळांना तर बाधतेच, शिवाय डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या डासांची पैदासही त्यातच होते.

निवाऱ्याची जागा

पावसापासून रक्षण म्हणजे अंधारात कोंडणे नव्हे. झाडास उजेड व वारा हवा, पाणी मात्र वरून पडू नये. ही तिन्ही पथ्ये सांभाळणारी जागा म्हणजे घराची वळचण, ओटा किंवा छपराखालील गॅलरी. आर्टिस्ट्स व्हिलेज या नावाने ओळखली जाणारी, वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी १९८०-९० या दशकात आखलेली बेलापूरची वसाहत सामायिक चौकांभोवतीच्या लहान लहान घरांची आहे. अशा अंगण असलेल्या घरांत कुंड्या ओट्यावर ओळीने लावणे सोयीचे पडते. मात्र कुंड्या पागोळ्यांच्या रेषेच्या आत असाव्यात. पागोळ्यांखाली ठेवलेल्या कुंडीस उघड्यावरील कुंडीपेक्षाही अधिक पाणी मिळते.

उंच इमारतींत नैर्ऋत्य दिशेच्या गॅलरीत झड थेट आत येते. तेथे नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, किंवा ते न मिळाल्यास पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा, पावसाच्या बाजूने बांधावा व दुसरी बाजू वाऱ्यासाठी मोकळी ठेवावी. चोहोंकडून बंद केलेल्या जागेत बुरशी फार लवकर पसरते.

डेलिया : कंदांची साठवण

डेलिया मूळची मेक्सिकोतील. तेथील उंच पठारावर ती पावसाळ्यात वाढते व कोरड्या हिवाळ्यात कंदाच्या रूपाने विसावते. परंतु तेथील रात्री गार असतात. आपल्याकडील उष्ण व संततधार पावसाळा तिला सोसत नाही. म्हणून येथे तिचा क्रम उलटा करून, पावसाळ्यात तिला कोरडी ठेवून झोपवावे लागते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले ओसरून पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करावे. दोन-तीन आठवड्यांनी दांडे जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापावेत व कंदांचा झुबका अलगद उकरावा. डेलियाच्या कंदास बटाट्याप्रमाणे सर्वांगावर डोळे नसतात. ते फक्त दांड्याच्या बुडाशी, गळ्यापाशी असतात. गळा मोडलेला कंद कितीही टपोरा असला तरी त्यास कधी कोंब फुटत नाही. दांडे पोकळ असल्याने त्यांत पाणी राहते, म्हणून झुबके आठवडाभर सावलीत उलटे टांगून सुकवावेत. नंतर त्यांवर गंधकाची भुकटी भुरभुरावी आणि मातीच्या रुंद भांड्यात कोरड्या वाळूचा थर, त्यावर कंद, पुन्हा वाळू अशा रीतीने ठेवावेत.

येथील साठवणुकीस दोन निरनिराळी संकटे असतात. एप्रिल-मेच्या उष्म्यात कंद सुरकुततात आणि जुलैच्या दमट हवेत त्यांना बुरशी येते. म्हणून महिन्यातून एकदा कंद उकलून पाहावेत. सुरकुतले असल्यास वाळूवर पाण्याचा हलका शिपका द्यावा. मऊ पडले असल्यास कुजका भाग पांढरा गर लागेपर्यंत कापून त्यावर गंधक लावावे. भांडे जमिनीस टेकू देऊ नये. फळीवर किंवा शिंकाळ्यात ठेवावे. हवाबंद डबा कटाक्षाने टाळावा. ज्यांना एवढी खटपट शक्य नाही त्यांनी दांडे कापल्यावर कंद कुंडीतील कोरड्या मातीतच राहू द्यावेत आणि कुंडी छपराखाली आडवी करून ठेवावी.

प्रत्येक भांड्यावर जातीचे व रंगाचे नाव लिहिण्यास विसरू नये. सप्टेंबरअखेर कंद ओलसर वाळूत मांडावेत. डोळे दिसू लागल्यावर प्रत्येक तुकड्यास निदान एक डोळा येईल अशा बेताने गळ्यासह विभागून, हस्ताचा पाऊस सरल्यावर लावावेत.

शेवंती : काश्यांची जपणूक

शेवंतीस साठवणुकीचा कंद नाही. तिचा वंश टिकतो तो काश्यांवर, म्हणजे बुंध्याभोवती जमिनीतून निघणाऱ्या फुटव्यांवर. जानेवारी-फेब्रुवारीत बहर संपल्यावर दांडे जमिनीलगत छाटावेत, मूठभर शेणखत द्यावे व काश्या फुटू द्याव्यात. मार्च-एप्रिलमध्ये जोमदार काश्या मुळांसह वेगळ्या करून लहान कुंड्यांत लावाव्यात व दुपारच्या उन्हापासून जपाव्यात. जून-जुलैत शेंडे खुडल्यास झाड पसरट होते. खुडलेले शेंडे टाकून न देता वाळूत लावावेत; छपराखालील दमट हवेत त्यांना सहज मुळ्या फुटतात. याप्रमाणे ज्या पावसाळ्याची भीती बाळगावयाची त्याच पावसाळ्याकडून अभिवृद्धीचे कामही करून घेता येते.

पानांवर काळपट ठिपके दिसल्यास खालची पाने काढून जाळावीत व एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. घरगुती प्रमाणात १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम कळीचा चुना निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात विरघळवून मग एकत्र करावा. मिश्रणात लोखंडी पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर बसल्यास आणखी थोडी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे व फवारल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

शहरातील बागप्रेमींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंतीस कळ्या धरतात. रस्त्यावरील दिव्याचा किंवा गॅलरीतील दिव्याचा उजेड रात्रभर पडत राहिल्यास झाडास रात्र लांबल्याचे कळत नाही व बहर लांबणीवर पडतो. सप्टेंबरपासून कुंड्या रात्री अंधार असलेल्या जागी हलवाव्यात.

जिरेनियम, जर्बेरा व अॅडेनियम

जिरेनियमचे मांसल दांडे ओलीने बुडापासून काळे पडतात. पावसाळाभर ते छपराखाली ठेवून, बोटाने चाचपून माती कोरडी लागल्यावरच पाणी द्यावे. पिवळी पाने व सुकलेली फुले वेळच्या वेळी काढावीत. ऑक्टोबरात ७ ते १० सेंटिमीटर लांबीची छाटकलमे काही तास सावलीत सुकवून वाळूत लावावीत. त्यांपासून हिवाळ्यासाठी नवी, ठेंगणी झाडे मिळतात.

जर्बेऱ्याचा गळा मातीत बुडाला की तो कुजलाच म्हणून समजावे. मेमध्येच सभोवारची माती सारून गळा किंचित वर दिसेल असे करावे व जुनी पाने काढून वारा खेळू द्यावा. मोठ्या झुबक्यांची विभागणी पाऊस ओसरल्यावर करावी.

अॅडेनियम हे फुगीर बुंध्याचे झाड आता गॅलऱ्यांतून पुष्कळ दिसते. ते आफ्रिका व अरबस्तानातील कोरड्या प्रदेशांतील असून बुंध्यात पाणी साठवून ठेवते. जूनपासून ते छपराखाली परंतु भरपूर उजेडात असावे. बुंधा दाबल्यावर मऊ लागल्यास झाड लगेच उपटून कुजका भाग स्वच्छ कापावा, आठवडाभर सावलीत सुकवावे व नव्या भरड मातीत लावावे. त्याचा चीक विषारी असल्याने हातमोजे वापरावेत.

उलट्या प्रकृतीची झाडे

येथवर पावसाळ्यातून तारावयाच्या झाडांचा विचार झाला. काही झाडांची प्रकृती नेमकी याच्या उलट असते. कळलावी, भुईचाफा, तसेच रंगीत पानांचे कॅलेडियम ही झाडे पावसाळ्यात वाढतात आणि पाऊस सरल्यावर पाने टाकून जमिनीखाली झोपी जातात. पारसिकच्या उतारावर पहिल्या सरींबरोबर जी हिरवळ एकाएकी वर येते तिच्यातील कित्येक रोपटी अशीच कंदांवर उन्हाळा काढणारी असतात. नोव्हेंबरात पाने गळाली म्हणून झाड मेले असे मानून कुंडी रिकामी करणे, किंवा काळजीपोटी तीत पाणी ओतत राहणे, या दोन्ही गोष्टी घातक आहेत. अशा कुंड्या जूनपर्यंत सावलीत कोरड्या ठेवाव्यात. कळलावीच्या कंदासह सर्व भाग अत्यंत विषारी असल्याने तिचा कंद स्वयंपाकघराजवळ कधीही ठेवू नये व त्यावर ठळक चिठ्ठी लावावी.

यावरून एक सोपा नियम निघतो. झाड कोणत्या ऋतूत वाढते व कोणत्या ऋतूत विसावते हे प्रथम पाहावे. विसाव्याच्या काळात त्याला पाणी देऊ नये.

वर्षाचा कार्यक्रम

फेब्रुवारी ते मार्च : शेवंतीची छाटणी, डेलियाचे पाणी तोडून कंद काढणे व सुकविणे.
एप्रिल : काश्या वेगळ्या करणे, कंद वाळूत भरून नावे लिहिणे.
मे, रोहिणी नक्षत्रापर्यंत : कुंड्यांतील माती बदलणे, छिद्रे मोकळी करणे, बशा काढणे, झाप किंवा पडदे बांधणे.
जून ते ऑगस्ट : कुंड्या वळचणीस ठेवणे, शेंडे खुडणे, कंदांची दरमहा तपासणी, या काळात खत देऊ नये.
सप्टेंबर : शेवंतीस रात्रीचा अंधार, महिनाअखेर कंद जागे करणे.
ऑक्टोबर : कंदांची लागवड, जिरेनियमची छाटकलमे, सर्व कुंड्या हळूहळू उन्हात आणणे.

वाण टिकविण्याची जबाबदारी

या सर्व खटाटोपाने दरवर्षीच्या रोपांचा खर्च वाचतो हा लाभ उघडच आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. डेलियाचे किंवा शेवंतीचे बी पेरल्यास आईसारखे फूल मिळत नाही. रंग, आकार व गंध बदलतो. एखाद्या घरी पिढ्यान्‌पिढ्या असलेली पिवळी शेवंती त्याच रूपात पुढे न्यावयाची तर तिच्या काश्यांवाचून दुसरा मार्ग नाही. रोपवाटिकांतून ज्या जातींना मागणी असते त्याच येतात. अंगणातील जुन्या, बिननावाच्या जातींची नोंद कोठेही नसते व त्यांचे बीही कोठे साठविलेले नसते. अशी जात म्हणजे त्या घरची एक-दोन झाडे, एवढेच तिचे अस्तित्व. एक पावसाळा दुर्लक्ष झाले तर ती जात कायमची संपते व पैसे मोजूनही परत मिळत नाही.

म्हणून आपल्याजवळ असलेल्या प्रत्येक चांगल्या जातीच्या निदान दोन कुंड्या दोन वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. त्याहूनही उत्तम म्हणजे मेपूर्वी काही काश्या व कंद शेजाऱ्यांना व नातलगांना द्यावेत. आपल्या ओट्यावर झाड कुजले तरी दुसऱ्याच्या वळचणीस ते जगलेले असेल आणि ऑक्टोबरात तेथून परत आणता येईल. भाताचे बियाणे एकमेकांस देऊन शेतकऱ्यांनी आपल्या जाती राखल्या, तोच मार्ग फुलझाडांनाही लागू आहे.

येत्या आगोठीत सरपण व मसाल्याबरोबर एक दिवस कुंड्यांसाठीही राखून ठेवावा, अशी सर्व बागप्रेमींना आग्रहाची सूचना आहे.